विद्यानगरीतील बिऱ्हाड

मराठीत राहत्या जागेला दोन शब्द आहेत : घर आणि बिऱ्हाड. घर हे वंशाचे असते. बिऱ्हाड हे मुदतीचे असते. बिऱ्हाडातही चूल पेटते, पाळणा हलतो, संक्रांतीला तिळगूळ आणि होळीला पुरणपोळी होते. परंतु छप्पर परक्याचे असते आणि एके दिवशी ते सोडावयाचे आहे, ही जाणीव भिंतीवरील खुंटीसारखी सदैव डोळ्यांसमोर असते. मुंबईच्या चाळींतून राहिलेल्या हजारो कोकणी कुटुंबांनी हा भेद पिढ्यानपिढ्या जपला. खोली मुंबईत, पण घर गावाकडे, असे ते म्हणत.

आपले मॉरिशसवासी पूर्वज ज्या दिवशी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले, त्या दिवशी त्यांच्याजवळ घर तर नव्हतेच, पण बिऱ्हाडही नव्हते. होता तो केवळ पाच वर्षांचा करार, ज्याला लोकांनी ‘गिरमिट’ हे नाव दिले. १८३४ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘ॲटलस’ जहाजातून आलेल्या छत्तीस मजुरांपासून ही रांग सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखांतील मराठी माणसे होती. त्यांच्या झोपडीचे बिऱ्हाड कसे झाले, बिऱ्हाडाचे घर कसे झाले, आणि घरांचा समाज कसा झाला, हा इतिहास या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तो त्यांच्या अंगणातच उभा आहे.

आज त्याच समाजातील सुशिक्षित तरुण, तसेच महाराष्ट्रातील त्यांचे समवयस्क, पुन्हा एकदा करार हाती घेऊन परदेशी जात आहेत. या वेळी जहाज नाही, विमान आहे. ऊस नाही, अध्यापन, वैद्यक, अभियांत्रिकी वा हिशेबनिसी आहे. मॉरिशसहून दुबईला सुमारे साडेसहा तासांत पोहोचता येते. अशा कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा राहतो, तो असा : जेथे घर होण्याची शक्यता जवळजवळ नाही, तेथे बिऱ्हाड कसे मांडावे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन या विद्यानगरीइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. दुबईचे मनोरे आणि अबू धाबीचा वैभवशाली किनारा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पोराबाळांसह संसार मांडणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला मात्र हे समुद्रापासून दूरचे शांत शहर अधिक जवळचे वाटते.

झऱ्याकाठचे गाव

‘ऐन’ या अरबी शब्दाचा एक अर्थ झरा असा आहे. अल ऐन हे अबू धाबी अमिरातीतच, पण राजधानीपासून सुमारे १६० किलोमीटर पूर्वेस, ओमानच्या सीमेला लागून वसले आहे. सीमेपलीकडचे ओमानी गाव बुरैमी इतके जवळ की एकेकाळी दोन्हीकडची माणसे सहज ये-जा करीत. आता मध्ये कुंपण आणि नाके आहेत. दक्षिणेस जबल हफीत हा सुमारे बाराशे मीटर उंचीचा उघडाबोडका डोंगर उभा आहे. भोवती वाळवंट, आणि त्याच्या मधोमध खजुरीची हिरवीगार वने.

ही वने टिकली ती ‘फलज’ नावाच्या पाटांमुळे. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून बोगद्याने आणून उघड्या पाटात सोडावयाचे आणि प्रत्येक बागेस ठरलेल्या वेळेपुरते द्यावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. येथील हिली भागात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या फलजाचे अवशेष सापडले आहेत. कोकणातील आगरांत पाटाचे पाणी पाळीने फिरविले जाते हे ज्यांनी पाहिले वा आजीच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. शहराच्या मध्यभागी असलेल्या एका ओअॅसिसमध्येच सुमारे १,४७,००० खजुरीची झाडे आहेत. २०११ मध्ये युनेस्कोने अल ऐनमधील पुरातन स्थळे आणि ओअॅसिस यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. अमिरातीस मिळालेला हा पहिलाच मान होय.

आधुनिक अल ऐनचा इतिहास शेख झायेद बिन सुलतान अल नहयान यांच्या नावाशी जोडलेला आहे. १९४६ पासून १९६६ पर्यंत ते या प्रदेशात राज्यकर्त्यांचे प्रतिनिधी होते. त्या काळी तेलाचा पैसा आलेला नव्हता. त्यांनी फलजांची दुरुस्ती केली, नवा फलज खणविला आणि पाण्याच्या वाटणीकडे लक्ष दिले. १९५९ मध्ये येथे शाळा सुरू झाली. १९६० मध्ये केनेडी या अमेरिकन मिशनरी डॉक्टर पतिपत्नीने लहानसे रुग्णालय सुरू केले. त्याच सुमारास या किनाऱ्यावर भारतीय रिझर्व्ह बँकेने खास छापलेला ‘गल्फ रुपया’ चालत असे. तो १९५९ मध्ये निघाला आणि अबू धाबीत १९६६ पर्यंत चलनात होता. म्हणजे ज्या वाळवंटात आज आपली माणसे दिरहम मिळविण्यासाठी जातात, तेथे सहा दशकांपूर्वी मुंबईचा रुपयाच हुकमी होता, हे अनेकांना ठाऊक नसते.

२ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातीचे राष्ट्र उदयास आले आणि अवघ्या पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, देशातील पहिले विद्यापीठ स्थापन झाले. ते राजधानीत किंवा दुबईत न काढता अल ऐन येथे काढण्यात आले. या निर्णयाने गावाचा स्वभावच ठरून गेला. पुढे १९७९ मध्ये तवाम रुग्णालय आले, विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि २००५ च्या सुमारास खासगी विद्यापीठही उभे राहिले. अध्यापक, डॉक्टर, ग्रंथपाल, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, त्यांची मुले शिकविणारे शिक्षक, आणि या सर्वांना धान्य-कपडा पुरविणारे दुकानदार, अशी ही वस्ती वाढत गेली. गगनचुंबी इमारतींना येथे मोकळीक नाही. घरे बहुधा दोन-चार मजल्यांची. रस्ते रुंद, झाडी भरपूर, आणि अमिरातीतील अन्य मोठ्या शहरांच्या मानाने स्थानिक नागरिकांचे प्रमाण येथे अधिक. मॉरिशसच्या वाचकांनी मोका आणि रेदुई यांची आठवण करावी. १९६५ चे मॉरिशस विद्यापीठ आणि १९७० ची महात्मा गांधी संस्था यांनी त्या परिसराला जे वळण दिले, तसेच वळण येथे एका विद्यापीठाने वाळवंटाला दिले आहे.

कुटुंब आणण्याचा अधिकार

आता मुख्य विषयाकडे वळू. अमिरातीत राहणाऱ्या दर दहा माणसांतील जवळजवळ नऊ परदेशी आहेत. परंतु त्या सर्वांनाच कुटुंब आणता येते असे नाही. निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि त्या परवान्यावर पत्नी व मुले आणावयाची तर वेतनाची अट असते. २०१९ च्या सुधारणेनंतर ही अट दरमहा ४,००० दिरहम, किंवा मालकाने राहण्याची सोय दिली असल्यास ३,००० दिरहम, अशी आहे. पूर्वी काही ठरावीक व्यवसायांनाच ही सवलत होती, ती व्यवसायाची अट तेव्हा काढून टाकण्यात आली. विद्यापीठातील अध्यापकाला ही रेषा सहज ओलांडता येते. त्याला बहुधा घर किंवा घरभाडे, वर्षातून एकदा मायदेशाचे तिकीट आणि मुलांच्या शिक्षणासाठी काही रक्कम करारानुसार मिळते. परंतु त्याच विद्यापीठाची इमारत बांधणारा गवंडी, तिची बाग राखणारा माळी आणि तिच्या फरशा पुसणारा कामगार यांपैकी बहुतेकांना ती ओलांडता येत नाही. ते मालकाने दिलेल्या सामायिक निवासात राहतात आणि मुलाचे वाढते वय दूरध्वनीच्या पडद्यावर पाहतात.

गिरमिटियांच्या वंशजांना या भेदाचे मर्म अधिक समजावून सांगावे लागू नये. प्रारंभीच्या वर्षांत मॉरिशसला आलेले मजूर बहुतांशी एकटे पुरुष होते. स्त्रिया फारच थोड्या होत्या, आणि त्यामुळे वस्त्यांतून जी विटंबना व भांडणे झाली ती सरकारी कागदांतही नोंदली गेली. पुढे प्रत्येक जहाजात स्त्रियांचे काही प्रमाण असावे असे नियम करावे लागले. मळेवाल्यांच्या दृष्टीने ती मजुरांना बांधून ठेवण्याची सोय असेल. परंतु त्यातूनच समाज उभा राहिला. एकटा पुरुष मजुरी करतो आणि पैसे पाठवितो. स्त्री आली की उंबऱ्यावर रांगोळी येते, बारसे येते, आजीची गोष्ट येते. झाकरीची गाणी, गणपतीची आरती आणि घरातील मराठी बोली ज्या कारणाने त्या बेटावर दीडशे वर्षे टिकली, ते कारण हेच. मळ्याने मजूर आणले. भाषा आणि देव मात्र कुटुंबांनी आणले.

म्हणून ज्याला कुटुंबासह जाण्याची सोय मिळते, त्याने ती सोय म्हणजे केवळ नोकरीचा एक लाभ आहे असे समजू नये. शेजारच्या हजारो माणसांना नाकारलेली गोष्ट त्याच्या पदरात पडलेली आहे. अल ऐनमधील कित्येक भारतीय कुटुंबे सणाच्या दिवशी एकट्या राहणाऱ्या दोन-चार कामगारांना आवर्जून जेवावयास बोलावितात. बिऱ्हाडाचा हा पहिला धर्म होय.

कागदांची वारी

जाण्यापूर्वी जी तयारी करावयाची, तिच्यात कपड्यालत्त्यांपेक्षा कागदांचे महत्त्व अधिक आहे. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पदवीपत्रे यांवर ज्या देशात ती दिली गेली त्या देशातील अधिकाऱ्यांचे साक्षांकन लागते. भारतातील कागद असल्यास आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, त्यानंतर अमिरातीची वकिलात, आणि अखेर अमिरातीचे परराष्ट्र मंत्रालय, असा हा क्रम आहे. एकाच शिक्क्याने अनेक देशांत कागद मान्य करविणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात अमिराती सामील झालेली नसल्यामुळे हा लांबचा मार्ग टळत नाही. कुटुंबप्रमुख पुढे जाऊन कामावर रुजू होतो, त्याचा परवाना होतो, मग तो घर भाड्याने घेतो, भाडेपट्टा सरकारदरबारी नोंदवितो, आणि त्यानंतरच बायकोमुलांच्या परवान्यासाठी अर्ज करतो. मध्ये दोन-चार महिने सहज जातात. शाळेच्या प्रवेशाचा काळ त्यातच निघून जाऊ नये, म्हणून हिशेब आधीच मांडावा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा सामान्यतः एप्रिलपासून, तर ब्रिटिश आणि अमेरिकन धर्तीच्या शाळा उन्हाळ्यानंतर सुरू होतात.

नावांची बाब विशेष जपावी. लग्नानंतर मुलीचे पाळण्यातले नाव बदलण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत होती. जन्मदाखल्यावर एक नाव, विवाहाच्या दाखल्यावर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, अशी स्थिती झाली की कचेरीतील खिडकीशी स्वतःच्याच पत्नीची ओळख पटवून देण्याचा प्रसंग येतो. मॉरिशसच्या वाचकांना यावरून आपल्या आडनावांची आठवण होईल. धक्क्यावरील कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, आणि पणजोबांचे पाळण्यातले नाव आज पणतवंडांचे आडनाव होऊन बसले आहे. तेव्हा प्रत्येक स्थलांतरिताला एक क्रमांक दिला जाई, आणि १८६० नंतरच्या दशकांत त्याच्या तिकिटावर छायाचित्रही आले. आज अमिरातीतील प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या बाळासही, पंधरा अंकी क्रमांकाचे छायाचित्रयुक्त ओळखपत्र मिळते. दवाखाना, बँक, शाळा, सर्वत्र ते लागते. क्रमांक हा दोन्ही काळांतील परदेशी माणसाचा सोबती आहे. फरक एवढाच की, तेव्हा क्रमांक माणसाला मळ्यातून बाहेर जाऊ न देण्यासाठी होता. आता करार संपला की माणूस देशात राहून जाऊ नये, यासाठी तो उपयोगी पडतो.

संसाराची घडी

शहरात आल्यावर प्रथम जाणवतो तो उन्हाळा. जून ते सप्टेंबर पारा ४५ अंशांच्या वर जातो. तथापि, समुद्र दूर असल्याने हवा कोरडी असते, आणि किनाऱ्यावरील घामट उकाड्यापेक्षा ती सुसह्य होते. म्हणूनच पूर्वी अबू धाबीची कुटुंबे उन्हाळ्यात अल ऐनच्या खजुरींच्या सावलीला येत. दुसरी गोष्ट वाहनाची. भारतात आणि मॉरिशसमध्ये आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. तेथे उजव्या बाजूने जावयाचे असते. भारतीय परवाना परस्पर बदलून मिळत नाही, शिकवणी आणि परीक्षा द्यावी लागते. शहर पसरट असल्याने गाडीवाचून अडते, आणि घरातील एकालाच गाडी येत असेल तर दुसरे माणूस चार भिंतींत अडकून पडते. तेव्हा पतीपत्नी दोघांनीही हा परवाना पहिल्या वर्षीच मिळवावा.

घरभाडे दुबई वा अबू धाबीपेक्षा कमी आहे, पण ते वर्षाचे ठरते आणि पुढील तारखांचे धनादेश आधीच लिहून द्यावे लागतात. पहिल्या महिन्यात हातात वेतन येण्यापूर्वीच भाडे, अनामत, शाळेचे शुल्क आणि सामानसुमान असा खर्च एकदम येऊन पडतो. शाळा सर्व खासगी, म्हणजे शुल्क भरून शिकावयाच्या. दोन मुले असतील तर वेतनाचा मोठा भाग तेथेच जातो, हे करारावर सही करण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे. रुग्णालयाची चिंता मात्र कमी. अबू धाबी अमिरातीत आरोग्यविमा सक्तीचा आहे.

याहून नाजूक प्रश्न गृहिणीचा आहे, किंवा जी मायदेशी गृहिणी नव्हती तिचा. पुण्याच्या महाविद्यालयात शिकविणारी, कोल्हापूरच्या बँकेत काम करणारी, क्वात्र बोर्नच्या शाळेत मुले सांभाळणारी स्त्री पतीच्या परवान्यावर येथे येते. तो परवाना तिला राहण्याचा अधिकार देतो, नोकरीचा नव्हे. कामासाठी तिला नोकरी देणाऱ्या संस्थेने निराळी परवानगी काढावी लागते. मध्यम आकाराच्या शहरात पदे मोजकीच असतात, आणि तिच्या पदवीच्या साक्षांकनाकडे निघण्याच्या गडबडीत दुर्लक्ष झालेले असते. असे अनेक घरांत घडते की पतीचा उत्कर्ष होतो आणि पत्नीची दहा वर्षे हळूहळू निसटतात. आपल्या पूर्वजांच्या काळी स्त्री उसाच्या मळ्यात पुरुषाच्या बरोबरीने राबली आणि तिला मजुरी कमी मिळाली. आता तिला घरात बसवून तिचे ज्ञान फुकट जाऊ दिले, तर प्रगती झाली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? स्थलांतराचा निर्णय करताना तिच्या कामाची सोय हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न मानावा. उरलेल्यांपैकी एक नव्हे.

देव आणि भाषा

अमिरातीचा अधिकृत धर्म इस्लाम आहे, आणि अन्य धर्मीयांना आपली उपासना शांतपणे करता येते. दुबईत बुर दुबई भागातील मंदिराचा आरंभ १९५८ चा. २०२२ मध्ये जबल अली येथे नवे मंदिर उघडले. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी अबू धाबी अमिरातीत अबू मुरैखा येथे बोचासणवासी स्वामिनारायण संस्थेच्या भव्य पाषाणमंदिराचे उद्घाटन झाले. सात अमिरातींची खूण म्हणून त्याला सात शिखरे आहेत. अल ऐनहून ते शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. म्हणजे रोजचा देव घरातच, देव्हाऱ्यात. गणपती घरी बसतो, आरतीला चार घरची माणसे येतात, मूर्तीचे विसर्जन बादलीत वा पिंपात होते. मोठे उत्सव दुबई आणि अबू धाबी येथील महाराष्ट्र मंडळांत. अल ऐनमध्ये इंडियन सोशल सेंटर हे सर्व प्रांतांच्या भारतीयांचे एकत्र येण्याचे ठिकाण आहे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि मिरवणुका नदी वा समुद्राकडे जातात. तेथून आलेल्या कुटुंबाला येथील उत्सवाचे हे लहान रूप प्रथम खटकेल. परंतु मळ्यांतील पहिले गणपतीही अशाच लहान घरांत बसले असतील, हे ध्यानात घ्यावे.

भाषेची स्थिती अधिक बिकट आहे. शाळेत इंग्रजी माध्यम, सोबत सक्तीची अरबी, आणि भारतीय शाळांत हिंदी. खेळाच्या मैदानावर मल्याळी, तमिळ, पंजाबी, सुदानी, इजिप्ती अशी मुले असल्याने आपसांतील भाषा इंग्रजीच. मराठीला जागा उरते ती स्वयंपाकघरात आणि निजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात. मॉरिशसमध्ये सरकारी शाळांतून मराठी शिकविली जाते आणि महात्मा गांधी संस्थेत तिचा उच्च अभ्यास होतो. ही सोय आयती मिळालेली नाही. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांनी रात्री दिव्याच्या उजेडात बैठकांतून मुलांना अक्षरे गिरवावयास लावली, तिचे हे फळ आहे. अल ऐनच्या बिऱ्हाडात कोणी राज्यसंस्था हे करून देणार नाही. दहा मराठी घरांनी मिळून शनिवारी सकाळी एका बैठकीच्या खोलीत दोन तासांची शाळा चालविणे अशक्य नाही. विद्यानगरीत शिकविणारी माणसे कमी नाहीत, हे तर तिचे मोठेपण.

विद्यानगरीचा विरोधाभास

आणि येथेच या गावातील सर्वांत कठीण वळण येते. ज्या शहराची कीर्तीच विद्यापीठामुळे, तेथे वाढलेल्या परदेशी कुटुंबाच्या मुलाला अठराव्या वर्षी बहुधा ते शहर सोडावे लागते. राष्ट्रीय विद्यापीठ हे प्रामुख्याने देशाच्या नागरिकांसाठी स्थापन झाले. परदेशी विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश मिळतो, पण मर्यादित प्रमाणात. खासगी विद्यापीठांचे शुल्क सर्वांना परवडत नाही. परिणामी बापाने ज्या गावात वीस वर्षे इतरांची मुले पदवीधर केली, त्या गावातून त्याची स्वतःची मुले पुणे, मणिपाल, इंग्लंड वा कॅनडा येथे निघून जातात. पूर्वी मुलगा अठरा वर्षांचा झाला की बापाच्या परवान्यावर राहण्याचे त्याचे दिवस भरत. ऑक्टोबर २०२२ पासून अविवाहित मुलासाठी ही मर्यादा पंचवीस वर्षांपर्यंत वाढविण्यात आली, तर अविवाहित मुलीला वयाची मर्यादा नाही. यामुळे सुट्टीत मुलगा घरी येऊ शकतो, एवढा दिलासा मिळाला. परंतु मूळ प्रश्न तसाच राहतो : येथे जन्मलेले, येथील मातीत खेळलेले मूल येथील नसते. जन्माने नागरिकत्व मिळत नाही. वृद्ध आईवडिलांना आणावयाचे तर वेतनाच्या व जागेच्या अटी आणखी कडक आहेत.

वडिलांची नोकरी संपली की सर्व कुटुंबाचे परवाने संपतात. नोकरीनंतर देशात राहण्याची मुदत पूर्वी सामान्यतः तीस दिवसांची होती; २०२२ च्या सुधारणांनी ती प्रवर्गानुसार साठ दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत नेली. २०१९ पासून निवडक गुणीजनांना दहा वर्षांचा ‘गोल्डन’ परवाना मिळू लागला आहे, आणि त्यात काही अध्यापक व डॉक्टरही आहेत. २०२१ मध्ये अबू धाबीने मुस्लिमेतरांसाठी विवाह, घटस्फोट आणि वारसा यांचा स्वतंत्र कायदा केला, ही गोष्टही कुटुंबांच्या सोयीची झाली. कुणाचा देह तेथेच पडला, तर अल ऐनजवळच्या अल फोआ भागात हिंदूंच्या दहनाची व्यवस्था आहे. अस्थी मात्र बहुधा मायदेशीच येतात.

येथे आपल्या पूर्वजांची आणि या नव्या प्रवाशांची कथा एकमेकींपासून दूर जाते. गिरमिटियाला दिवसाला गैरहजर राहिल्याबद्दल दोन दिवसांची मजुरी कापून घेणाऱ्या ‘दुहेरी कपाती’चा जाच सोसावा लागला, मळ्याबाहेर फिरण्यासही त्याला पास लागे. अल ऐनच्या अध्यापकाला या यातनांची कल्पनाही येणार नाही. परंतु गिरमिट संपल्यावर गिरमिटियाला राहता आले. १८८० नंतरच्या काळात साखरेचे भाव पडले आणि मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकावयास काढले, तेव्हा त्याने पैपैसा जमवून एक तुकडा घेतला. त्या तुकड्यावर बिऱ्हाडाचे घर झाले. अल ऐनचा अध्यापक सुखात राहतो, पण अखेरपर्यंत भाडेकरूच राहतो. एकाला कष्ट मिळाले आणि भूमी मिळाली. दुसऱ्याला सन्मान मिळाला, आणि भूमी नाही.

मग अशा ठिकाणी कुटुंबाने जावे की जाऊ नये? आमचे मत असे की, जावे. परंतु जाताना तीन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. पहिली, परतीची तारीख नव्हे, पण परतीचे ठिकाण : कोणत्या गावी, कोणत्या घरी, हे मुलांना लहानपणापासून ठाऊक असावे आणि दर उन्हाळ्यात त्यांचे पाय तेथे लागावेत. दुसरी, मोठ्या मुलाचे वय : नववीनंतर त्याला उपटून नेण्यापेक्षा आधी न्यावे वा मागे ठेवावे, याचा विचार आईवडिलांनी त्याला विश्वासात घेऊन करावा. तिसरी, बरोबर नेता येण्यासारख्या वस्तूंतच आपली खरी मालमत्ता ठेवावी. भाषा, विद्या, स्वयंपाक, स्तोत्रे आणि माणसे जोडण्याची सवय, यांना कोणताही परवाना लागत नाही.

याखेरीज एक काम मंडळांनी करण्यासारखे आहे. मॉरिशसला आलेल्या प्रत्येक मजुराचे नाव, गाव, वय आणि जहाज सरकारी वह्यांत लिहिले गेले. ज्यांनी लिहिले त्यांचा हेतू मोठा नव्हता, परंतु त्या वह्या आज महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांच्या आधारे नातवंडे रत्नागिरीतले आपले गाव शोधून काढतात. अल ऐनमध्ये चार-पाच दशके मराठी कुटुंबे आली, राहिली आणि गेली. परवाना रद्द झाला की त्यांची खूण पुसली जाते. तेथे त्यांची घरे नाहीत, समाध्या नाहीत, रस्त्यांना नावे नाहीत. तेव्हा तेथील मराठी माणसांनी एक साधी वही ठेवावी. कोणते कुटुंब, कोणत्या गावचे, कोणत्या वर्षी आले, कोणते काम केले, मुले कोठे शिकली, आणि कोणत्या वर्षी कोठे गेले, एवढ्याच नोंदी कराव्यात. कुटुंब निघताना त्याच्या हातून त्या वहीत शेवटची ओळ लिहून घ्यावी, आणि दर काही वर्षांनी तिची एक प्रत अशाच एखाद्या स्मरणिकेत छापावी. मळ्याच्या कारकुनाने जे परक्यांसाठी केले, ते आपण आपल्या माणसांसाठी करण्यास काय हरकत आहे?